बांधावरच्या आठ सकाळी

तेलरंगांचा वास आमच्या घरात पहिल्यांदा मी आणला, आणि आईने पदर नाकाला लावून विचारलं, "ह्ये काय रॉकेल सांडलंस काय गो अंगावर?" रंग आम्हाला नवे होते असं नाही. आमचं घर पेणजवळच्या जोह्याचं, गणपतीचा कारखाना घरालाच जोडलेला, मधे फक्त एक उंबरा. जेवायला बसलं तरी नखांत पिवळा असायचाच. पण आमचे रंग पाण्यातले. सकाळी पीतांबर रंगवला की भाकऱ्या होईपर्यंत वाळून खडखडीत. वास म्हणावा तर ओल्या शाडूचा, आणि तो आम्हाला वासच वाटत नसे. मी मुंबईला चित्रकला शिकायला गेले आणि दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत लाकडी पेटीतून तेलरंगांच्या नळ्या, टर्पेंटाइनची बाटली, चित्र टेकवायचं ईझल आणि ताणलेला कॅनव्हास असं सगळं लटांबर घेऊन घरी आले, तेव्हा हा रंग वाळायला आठ-दहा दिवस लागतात हे ऐकून आई पोट धरून हसली. एवढ्यात आमचे दोनशे गणपती होतात, म्हणाली. ते हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतर तिला खोकला आला आणि ती बराच वेळ चुलीकडे तोंड करून बसली. मी तेव्हा नळ्या मोजत होते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा आखणी करायचे, म्हणजे गणपतीचे डोळे काढायचे. आमच्याकडे हे काम सगळ्यात शेवटचं. घासून, पांढरा देऊन, अंगाचा रंग, सोवळं, दागिने, सगळं झालं की मूर्ती दादांसमोर यायची. ते पाट घेऊन बसायचे, तीन-चार केसांचा कुंचला ओठांत ओला करायचे, श्वास रोखायचे आणि एका दमात पापणीची रेघ ओढायचे. त्या वेळी कारखान्यात पॉलिश पेपरचा खसखस आवाजसुद्धा थांबायचा. डोळे नसलेली मूर्ती आमच्या दारातून बाहेर जात नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी नाही. राहिलेल्या मूर्तींवर ते कापड टाकून ठेवायचे, म्हणायचे, तिला दिसत नाय तवर तिला कुनी बघू नये. मी सहाव्या वर्षापासून कारखान्यात होते. मुकुट रंगवले, उंदीर रंगवले, हजारो लाडू रंगवले. डोळ्यांना हात लावू दिला नाही त्यांनी मला. मुलीचा हात हलका असतो, टिकत नाही, असं काहीतरी सांगायचे. माझ्या मागून आलेल्या एका कारागिराला त्यांनी दुसऱ्याच वर्षी आखणीला बसवलं. मी चिडकी होते, आजही आहे, आणि ही गोष्ट माझ्या मनात ठसठसत होती. मुंबईला मी कशासाठी गेले असं कुणी विचारलं तर मी मोठमोठी उत्तरं देत असे. खरं उत्तर एवढंच होतं.

सुट्टीत उघड्यावर बसून एक निसर्गचित्र तेलरंगात पूर्ण करून आणायचं असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. आठवणीने नाही, फोटोवरून नाही, जागेवर उभं राहून. सरांचा त्या बाबतीत फार कटाक्ष होता, आणि मी तो वेद असल्यासारखा घोकत होते. जागा शोधायला मला लांब जावं लागलं नाही. घरामागून खाडीकाठच्या खारपाटाकडे उतरलं की आमच्या भाताचा तुकडा, त्याला लागून मातीचा बांध, बांधापलीकडे धरमतरच्या खाडीचं पाणी आत येतं ते खाजण, आणि त्याच्याही पलीकडे मिठाचे पांढरे ढीग. दिवाळीच्या सुमाराला भात पिकून पिवळं धमक झालेलं असतं. सकाळी सात ते साडेआठ तिथे जो उजेड पडतो तसा मी पुढे कुठे पाहिला नाही. पहिल्या सकाळी मी ईझल रोवत होते तेव्हा आई मागोमाग आली. काही बोलायचं असलं की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. तसं गुंडाळत म्हणाली, "नंदे, मला पन काढ ना गो यात."

माझी आई काही मागणाऱ्यांतली नव्हती. जत्रेत बांगड्या घे म्हटलं तरी लेकीला घ्या म्हणायची. मला गंमत वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं, कारण चित्रात बांधावर एक उभी आकृती हवीच होती. नुसती आडवी शेतं फार आडवी दिसतात. मी तिला बांधावर कुठे उभं राहायचं ते दाखवलं. ती जांभळं लुगडं नेसून आली होती, सणाचं. पिवळ्या भातावर जांभळं म्हणजे चित्रकाराला लॉटरीच. मी खूश झाले आणि तिला म्हटलं, रोज हेच नेसून ये.

त्यानंतर सकाळ उगवली की आमचा तोच क्रम. अंधूक असतानाच ती उठायची, तांदळाच्या दोन भाकऱ्या थापायची, सुकटीची चटणी त्यांत गुंडाळायची, आणि आम्ही दोघी उतरायचो. उजेड बदलायच्या आत काम व्हायला हवं म्हणून मी तोंड धुवायलाही थांबत नसे. कापणी गावात सगळीकडे सुरू झाली होती. विळ्यांचा आवाज, एकमेकींना हाका, पेणकडे जाणाऱ्या एसटीचा घरघराट, आणि खाडीत कुठेतरी बार्जचा भोंगा. आमचा तुकडा तेवढा उभा होता. आईने दादांना सांगून ठेवलं होतं की पोरीचं चित्र होईस्तोवर भाताला हात लावायचा नाही. दाणा झडायला लागला, पाखरं बसायला लागली. शेजारची माणसं बांधावरून जाताना टोमणे मारायची, औंदा भात रंगवून खानार वाटतं. आई नुसती हसायची. उभ्या पिकाचं नुकसान ती कधी सोसत नसे, चार लोंब्या खाली पडलेल्या दिसल्या तरी वाकून उचलायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मुंबईहून आलेल्या मुलीसाठी हे सगळ्यांनी करायचंच असतं, अशी माझी समजूत होती.

सरांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. समोरच्या देखाव्याकडे डोळे किलकिले करून बघायचं. पूर्ण उघड्या डोळ्यांनी बघितलं तर पानन् पान दिसतं आणि माणूस त्यातच अडकतो. डोळे बारीक केले की तपशील पुसला जातो, उरतो तो उजेड आणि सावली. शिकवण खरी आहे. मी निवृत्त होईपर्यंत रोह्याच्या शाळेत तेच शिकवलं, आणि आजही रविवारी चार-पाच मुलं घेऊन कुंडलिका नदीच्या काठावर जाते तेव्हा तेच सांगते. मुलं मोबाइलवर फोटो काढून घरी जाऊन रंगवू का विचारतात आणि मी त्यांच्यावर खेकसते. पण हल्ली डोळे किलकिले करा हे शब्द तोंडातून गेले की मी त्यांच्या तोंडांकडे बघत राहते. मग मी उगाच त्यांना थर्मासमधला चहा देते.

तर मी आईकडे आठ सकाळी किलकिल्या डोळ्यांनी बघत होते. ती माझ्यासाठी एक जांभळा डाग होती, कॅनव्हासवर करंगळीएवढी उंच. तिसऱ्या दिवशी ती बांधावर मटकन बसली. मी तिथूनच ओरडले की उठ, बसलीस तर सगळी रचना बिघडते. ती उठली. चौथ्या दिवसापासून ती हातात काठी घेऊन यायला लागली. त्या काठीची तिरकी रेघ मला इतकी आवडली की मी ती चित्रात लगेच घेतली आणि तिला म्हटलं, आई, काठी झकास आहे, रोज आण. माझ्या आईने त्याआधी कधी हातात काठी धरली नव्हती. ती पन्नाशीचीही नव्हती. का आणलीस, असं मी तिला विचारलं नाही. तिच्या लुगड्याच्या सावलीत निळा किती आणि किरमिजी किती, हे मात्र मी आजही सांगू शकते.

दादा रोज दुपारी चित्र बघायला यायचे. गणपती होऊन गेले की कारखाना रिकामा असतो, साचे धुऊन ठेवलेले, दादांच्या हाताला काम नाही. कारखान्याच्या भिंतीला चित्र टेकवलेलं असायचं, त्यासमोर ते उकिडवे बसायचे, कितीतरी वेळ. एकदा त्यांनी विचारलं की तिचं तोंड कधी काढनार. मी त्यांना समजावलं, म्हणजे लहान मुलाला समजावतात तसं, की एवढ्या अंतरावरून माणसाचं तोंड दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते काढायचं नसतं. ते म्हणाले, मला दिसतं. मी हसले आणि निघून गेले. त्यांच्यापेक्षा मला एवढं तरी जास्त कळतं, याचा मला फार आनंद व्हायचा.

आठव्या सकाळी चित्र पुरं झालं. मला ते फार चांगलं जमलं होतं, अजूनही वाटतं. घरी येऊन मी ते नेहमीच्या जागी टेकवलं, अंघोळीला गेले, केस धुतले, सावकाश, नाही म्हटलं तरी तासभर लावला. परत येऊन बघते तर चित्रातल्या आईला डोळे होते. करंगळीएवढी बाई, वाटाण्याएवढं तिचं तोंड, आणि त्यात दोन डोळे. पापणी, बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपकासुद्धा. माझ्याच पॅलेटवरचा काळा, आणि दादांचा तो केसांचा कुंचला. दादा बाजूला पाटावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. आखणी झाल्यावर ते नेहमी बसत तसे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आठ दिवसांची मेहनत, परवा चित्र घेऊन मुंबईला जायचं, आणि त्यात हे गणपतीचे डोळे. पण माझा राग तेवढ्यावरचा नव्हता. ज्यांनी मला आयुष्यात एका मूर्तीला डोळे काढू दिले नाहीत ते माझ्या चित्रात येऊन, मला न विचारता, डोळे काढून बसले होते. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य माझ्यापाशी राहिलं आहे.

"तुम्हाला बघता येतच नाही दादा. तुम्ही जन्मभर एकच डोळा काढत आलात."

आवाज ऐकून आई आतून आली, हाताला पोह्याच्या पापडाचं पीठ. मग मी जे केलं ते मी मुलांना कधी करू देत नाही. रंग ओला होता. चिंधीचं टोक टर्पेंटाइनमध्ये बुडवून ते दोन ठिपके अलगद टिपून घेता आले असते, दोन मिनिटांचं काम. मी रंग कालवायची सुरी घेतली आणि त्या दोघांच्या देखत ती बाई खरवडून काढली. डोळे, तोंड, लुगडं, काठी, सगळं. आठ दिवसांचा रंग सुरीवर चिखलासारखा आला, तो मी वर्तमानपत्राला पुसला. बांधावर एक मळकट तपकिरी जागा राहिली. आई जवळ आली, त्या जागेकडे तिने बघितलं आणि माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला. पीठ लागलं केसांना.

"असू दे गो," ती म्हणाली. "तू परत येशील तवा मी परत उभी ऱ्हाईन."

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. सुट्टीचा एक दिवस शिल्लक होता तरी. आई पापडांचं आणि मिरगुंडांचं गाठोडं घेऊन फाट्यापर्यंत आली, वाटेत दोनदा थांबली, आणि मी घड्याळ बघत पुढे चालत राहिले. दादा आले नाहीत. मी निघाल्यावर त्याच दुपारी त्यांनी भात कापायला घेतलं, असं नंतर कळलं. अर्धा दाणा मातीत गेला होता. चित्र मी नेलं नाही, रागाने कारखान्यातच टाकून गेले, आणि सरांना सांगितलं की पावसात भिजलं. नाताळच्या सुट्टीत मी मैत्रिणीच्या गावी गेले. घरी जायला मला लाज वाटत होती असं म्हणायची सोय नाही, लाज नव्हतीच, घुस्सा होता. मी वाट बघत होते की दादा दोन ओळींचं पत्र टाकतील. माघी गणपतीच्या आधी वसतिगृहाच्या फोनवर निरोप आला. मी जोह्याला पोचले तेव्हा आईला ओटीवर ठेवलं होतं, तेच जांभळं लुगडं नेसवून. डोळे मिटलेले होते.

दहावं झालं, माणसं पांगली. दादा मला कारखान्यात घेऊन गेले. माघाच्या मूर्ती तशाच पडल्या होत्या. दादांनी त्या मूर्तींमागून एक कापड काढलं, त्यात माझं चित्र. राहिलेल्या मूर्तींसारखं त्यांनी ते कापडात ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत ते बोलले, आणि दादा सलग इतकं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

"दसऱ्याला पेनच्या डॉक्टरनं सांगितलं व्हतं मला. तिला बी म्हाईत व्हतं. तुला सांगायचं नाय म्हनून तिनं माझ्याकडनं शपथ घेतली. तुझी परीक्षा हाय म्हनून. मी ते डोळं चित्रासाठी नाय काढलं, नंदे. ती तिथं आंधळी उभी व्हती. मला बघवलं नाय."

आणि तेव्हा, तिथे उभी असताना, मला ते डोळे आठवले. खरवडताना एक क्षण मी ते जवळून बघितले होते. ते गणपतीचे नव्हते. गणपतीचे डोळे दादा लांब काढायचे, कानाकडे ओढलेले. हे तसे नव्हते. उजवा डोळा डाव्यापेक्षा किंचित बारीक होता, पापणी दमलेली. माझ्या आईचा उजवा डोळा तसाच होता. तिचा घरात एकच फोटो, लग्नातला, त्यात तिची मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. तिचं तोंड कुणी कधी काढलं असेल तर ते दादांनी, त्या एका सकाळी, वाटाण्याएवढ्या जागेत. ते तासभरसुद्धा टिकलं नाही. मी तिथे खाली बसले आणि रडले, आणि दादांनी मला रडू दिलं.

मग त्यांनी मला रंगांची पेटी आणून दिली. म्हणाले, काढ तिला परत. मी नळ्या उघडल्या. जांभळा बरोबर लागला, पहिल्याच झटक्यात. काठीचा तिरकेपणा बरोबर आला. लुगड्याची सावली, पायांशी बांधाची माती, सगळं हाताला पाठ होतं. तोंडापाशी आले आणि हात थांबला. मला ते दिसेना. आठ दिवस ती माझ्यासमोर उभी होती, वाळत चालली होती, काठीला धरून तोल सांभाळत होती, आणि मी डोळे बारीक करून तिच्यातलं तेवढंच नेमकं पुसून टाकत होते. मी कुंचला दादांपुढे धरला आणि म्हटलं, तुम्ही काढा, तुम्हाला दिसत होती. त्यांनी बराच वेळ तो हातात धरला. ओठांत ओला केला. श्वास रोखला. मग त्यांनी कुंचला माझ्या हातात परत दिला. म्हणाले, आता मला पन नाय दिसत गो. मी रंगवलेलं पुन्हा पुसून टाकलं, या वेळी चिंधीने, हलक्या हाताने. तोंडाशिवाय तिला तिथे उभी ठेवायची नाही, यावर आमच्या दोघांचं न बोलता एकमत झालं. पुढच्या हंगामात दादांनी मला शेजारी पाट मांडून दिला आणि पहिली मूर्ती माझ्याकडे सरकवली. मी तिचे डोळे काढले. मला त्याचा आनंद झाला नाही.

दादा गेल्याला आता बरीच वर्षं झाली. चित्र माझ्या रोह्याच्या घरी आहे. भात पिवळं, खाजणात निळसर पाणी, लांबवर मिठाचे ढीग, आणि बांधावर ती मळकट जागा. रविवारी मुलं येतात, चित्राजवळ नाक नेऊन बघतात. परवा एका मुलीने विचारलं, बाई, इथे काहीतरी होतं का? इतकी वर्षं मी सांगत आले की चित्र अर्धवट राहिलंय. या वेळी खोटं बोलवलं नाही.

"माझी आई होती," मी म्हटलं. "मी खरवडली."